रॉकी रिजची वारी

माझी आजी आळंदीहून पंढरपूरला पायी जायची. शाळेत असताना मी तिच्याबरोबर एकदाच चालले, पुणे ते सासवड, दिवेघाट चढून. दुसरी वारी घडली ती वायोमिंगमध्ये, गेल्या जुलैत, सॉल्ट लेकच्या आमच्या शेजारच्या आजींमुळे. त्या मॉर्मन, म्हणजे अमेरिकेत उगम पावलेल्या एका ख्रिस्ती पंथाच्या. त्यांच्या घराण्यातली एक बाई 1856 साली पंथाच्या सॉल्ट लेकच्या वसाहतीकडे जाताना हातगाडी ओढत या वाटेने आली होती. "दर उन्हाळ्यात थोडं तरी चालून येतो आम्ही. यंदा येतेस?" त्यांनी विचारलं आणि मी लगेच तयार झाले.

पहिल्या दिवशी स्वीटवॉटर नदीच्या काठाने हातगाडी ओढली. दोन चाकं, वर फळ्यांचा चौकोन, पुढे आडवा दांडा. दांड्याला छाती लावून रेटायचं. गाडी मोकळी असतानाच दंड भरून आले. 1856 च्या यात्रेकरूंच्या गाडीवर अंथरूण-पांघरूण होतं, भांडी होती आणि नेब्रास्कातल्या फ्लॉरेन्स गावाहून निघताना वर चढवलेलं शंभरेक पौंडांचं पिठाचं पोतं होतं. चाकं ओल्या लाकडाची. मैदानातल्या कोरड्या हवेत ती आक्रसून खिळखिळी होत.

रात्री तंबूत आजींनी लेव्हाय सॅवेजची गोष्ट सांगितली. तेव्हापासून हा माणूस माझ्या मनातून गेलेला नाही.

त्याचा जन्म 1820 चा, ओहायोतला. मॉर्मन बटालियन या सैन्यतुकडीतून पश्चिमेला गेला, सॉल्ट लेकला पोचला, लग्न केलं. 1851 च्या अखेरीस बायको वारली. मूल जेमतेम वर्षाचं. पुढच्याच वर्षी चर्चने त्याला सयामला, म्हणजे आजच्या थायलंडला, धर्मप्रचारासाठी पाठवलं. मुलाला बहिणीच्या ओटीत घालून तो निघाला आणि 1853 च्या एप्रिलमध्ये कलकत्त्याला उतरला. हे ऐकून मी ताडकन उठून बसले. ब्रह्मदेशातल्या लढाईमुळे सयामची वाट बंद होती, म्हणून तो रंगून-मौलमीनकडे गेला. दोनेक वर्षं खपला. धर्मात येणारं जवळजवळ कुणी मिळालं नाही.

परतताना घरची ओढ असणारच. वाटेत तो जेम्स विलीच्या तांड्यात सामील झाला. सुमारे 500 माणसं, बहुतेक इंग्लंड, स्कॉटलंड आणि डेन्मार्कहून आलेली गरीब कुटुंबं. ऑगस्टचा मध्य उलटत आला होता. फ्लॉरेन्सला सभा भरली. आत्ता निघालो तर डोंगरात बर्फ गाठेल, म्हातारी माणसं आणि लेकरं मरतील, हिवाळा इथेच काढू, असं लेव्हाय डोळ्यांत पाणी आणून सांगत होता. हा मुलूख आधी ओलांडलेल्या लोकांत विरोध करणारा तो एकटाच. पुढाऱ्यांनी उलट त्यालाच बोल लावले. कौल निघण्याच्या बाजूने पडला. तेव्हा तो म्हणाला, मी बोललो ते खरंच आहे. पण तुम्ही निघालात तर मीही येईन, तुमच्याबरोबर राबेन, हाल सोसेन, वेळ आली तर तुमच्याबरोबर मरेन.

मला तर इथे त्याचा रागच आला. एवढं कळत होतं तर मुलाकडे घोड्यावरून सरळ निघून जायचं. आजी म्हणाल्या, "उद्या चाल, मग बोलू."

दुसऱ्या दिवशी रॉकी रिज. सात हजार फुटांवरची उंची, नुसता खडक, करडी सेजब्रशची झुडपं, आणि वारा असा की शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. वॅगनांच्या लोखंडी धावांनी खडकावर पडलेले तांबूस ओरखडे अजून दिसतात. मी त्यावरून बोट फिरवलं. 23 ऑक्टोबर 1856 ला हाच चढ ते गुडघाभर बर्फातून चढले. मदतीच्या गाड्या दोन दिवसांपूर्वी भेटल्या होत्या, पण त्या फार थोड्या. अकरा वर्षांच्या जेम्स कर्कवुडने चार वर्षांच्या धाकट्या भावाला उचलून दिवसभर वाट तुडवली, रात्री शेकोटीपाशी उतरवलं आणि स्वतः तिथेच गेला. आमच्यातल्या एका मुलाने ते ऐकून आपल्या भावाला पाठीवर घेतलं. शंभरेक पावलांत तो धापा टाकत बसला. भाऊ उतरला आणि त्याने दादाचा हात धरला. पुढे पार रॉक क्रीकपर्यंत दोघे तसेच चालले.

रॉक क्रीकला पोचेपर्यंत टाचेचा फोड फुटला होता. तिथे एकाच खड्ड्यात तेरा जणांना पुरलं, नंतर खड्डा खणणारे दोघेही गेले. आजींनी वही काढली. लेव्हायच्या रोजनिशीतली त्या रात्रीची नोंद त्यांनी उतरवून आणली होती. मागे पडलेली माणसं उजाडायच्या सुमारास आणली गेली, कुणी गारठलेली, कुणी मरणपंथाला लागलेली, कुणी मेलेली. मुलं आयांसाठी रडत होती, आया मुलांसाठी.

"सांगत होतो ना, असं लिहिलंय का कुठे?" मी विचारलं.

आजींनी वही माझ्या हातात दिली. मी ती नोंद दोनदा वाचली. तसं काही नव्हतं.

मग बूट काढून ओढ्यात पाय सोडले. जुलै असूनही दहा आकडे मोजेपर्यंतसुद्धा ते पाण्यात ठेवता आले नाहीत.