स्वर्ग स्टेशन, नरकाची दरी आणि वर हवापालट

"अगं, गरम पाण्याची कुंडं कुठायत?" हिंटरत्सार्टन स्टेशनवर उतरल्याउतरल्या सासूबाईंनी विचारलं. चूक माझीच. ‘जर्मनीतलं आरोग्यधाम’ असं सांगून त्यांना आणलं होतं आणि त्यांच्या डोळ्यांसमोर वज्रेश्वरी! इथं कुंड नाही, झरा नाही. ब्लॅक फॉरेस्टमधलं हे अडीच हजार वस्तीचं गाव. इथलं औषध म्हणजे हवा. हवामानावर असा आरोग्यधामाचा दर्जा मिळवायचा, तर हवेची तपासणीही करून घ्यावी लागते. आपले जुने डॉक्टर ‘पाचगणीला जा, हवापालट होईल’ म्हणायचे, तोच प्रकार. हे सांगितल्यावर आईंना पटलं.

फ्रायबुर्गहून लोकल गाडीनं साधारण पाऊण तास लागतो. आधी ‘हिमेलराइख’ येतं, म्हणजे स्वर्गाचं राज्य. तिथून लगेच ह्योलेन्टाल, नरकाची दरी! नावं कुणी ठेवली कोण जाणे, पण चढ खरा आहे. हिमेलराइख ४५५ मीटरवर, हिंटरत्सार्टन ८८५ वर. हा लोहमार्ग १८८७ सालचा. सुरुवातीला वरच्या टप्प्यात इंजिनाला दातेरी रुळाचा आधार लागायचा, तो १९३३ पर्यंत होता.

मुक्काम करणार असाल तर घरमालकाकडून कोनुस कार्ड आठवणीनं मागून घ्या. रात्रीमागे माणशी पर्यटक कर द्यावाच लागतो, त्याच्या बदल्यात ब्लॅक फॉरेस्टमधल्या बस आणि लोकल गाड्या फुकट. वेगवान आयसीई गाड्यांना मात्र ते चालत नाही. आणि कार्ड मुक्कामी पोचल्यावरच मिळतं, त्यामुळे येतानाचं तिकीट काढावंच लागतं. तितीझे तलाव पुढच्याच स्टेशनवर आहे. तिथली गर्दी पाहून तासाभरात परत आलो.

गुडघे दुखणाऱ्यांना गावालगतची दलदल उत्तम. लाकडी फळ्यांची सपाट वाट आहे आणि दोन्हीकडे शेवाळाचा ओला गालिचा. पाऊस पडला की फळ्या घसरतात, चपला नकोत. आई तिथं दोनदा गेल्या.

आम्ही दोघं मात्र ल्योफेलटालमधून खाली उतरलो. ‘चमच्यांची दरी’ असं नाव, कारण ओढ्याच्या पाण्यावर इथं चमचे घडवायचे कारखाने चालत. वाट थेट राव्हेन्ना या रेल्वेच्या उंच पुलाच्या कमानींखाली निघते. वर बघता बघता मान दुखली. आणि मग कळलं, उतरलो तेवढं चढायचं आहे! परतीच्या बसची वेळ निघण्याआधीच बघून ठेवा, आम्ही बघितली नव्हती.

स्कीची उडी मारायची टेकडी उन्हाळ्यातही चालू असते, प्लास्टिकच्या ओल्या चटयांवर. १९६० च्या ऑलिम्पिकमधला सुवर्णविजेता गेओर्ग थोमा इथलाच. गावात स्कीचं संग्रहालयही आहे.

खाण्याचं म्हणाल तर शाकाहारी माणसाला केजश्पेट्झ्ले, म्हणजे चीज आणि तळलेला कांदा घातलेल्या घरगुती शेवया. ‘ओने श्पेक’ म्हणा, नाहीतर डुकराचे तुकडे येऊ शकतात. रविवारी दुकानं बंद. दूध, पाव शनिवारीच आणा. आम्ही रविवारची संध्याकाळ ठेपल्यांवर काढली. थोडी रोख रक्कम जवळ ठेवा, आणि सप्टेंबरातही स्वेटर.

परतताना त्याच कार्डावर फ्रायबुर्गपर्यंत आलो. आईंनी ते पर्समध्ये पासबुकाशेजारी जपून ठेवलंय.