दमलात हो!

पलाऊमध्ये बिअर पिण्याला 'त्सकारेनाओस' म्हणतात. मूळ शब्द जपानी: त्सुकारे म्हणजे थकवा, नाओसु म्हणजे बरा करणं. खुद्द जपानात बिअर नुसती 'बीरु'च. तिला औषधाचा दर्जा दिला तो पलाऊकरांनी.

फिलिपिन्सच्या पूर्वेला, प्रशांत महासागरात हा बेटांचा देश आहे. वस्ती १८ हजारांच्या आसपास, म्हणजे आपल्याकडचं एखादं बाजाराचं गाव. तिथं आधी स्पॅनिश, १८९९ पासून जर्मन, १९१४ पासून जपानी आणि दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकन असे एकामागून एक राज्यकर्ते झाले. १९९४ मध्ये देश स्वतंत्र झाला. जो तो जाताना काहीतरी विसरून गेला. स्पॅनिशांचा तुरुंग राहिला, 'केलेबुस'. जर्मनांची खिडकी राहिली, 'बेन्स्तर'. जपान्यांनी तर अख्खं घरच मागे सोडलं: वीज 'देंकी', टेलिफोन 'देंग्वा', विमान 'स्कोकी', निवडणूकसुद्धा 'सेंगक्यो'. पलाऊतल्याच अंगाउर नावाच्या चिमुकल्या राज्याच्या संविधानात जपानी आजही अधिकृत भाषा आहे. पोर्तुगीजांकडून पाव, बटाटा, चावी आणि पगार घेतलेल्या आपण यावर हसू नये.

पण मला पलाऊ भाषेचा लळा लागला तो उसन्या शब्दांमुळे नाही. थकव्याचा तिचा स्वतःचा एक शब्द आहे, 'मेसाउल'. तोच आभाराचाही शब्द! मनापासून आभार मानायचे तर 'के क्माल मेसाउल', म्हणजे शब्दशः 'तुम्ही फार दमलात'. रोजच्या वापरात त्याचंच झालं 'सुलांग'. आपल्याकडे तरी 'आभारी आहे' कोण म्हणतं? सूत्रसंचालक, आणि लग्नपत्रिकेचा मसुदा करणारे काका. मावशी उन्हातून डबा घेऊन आली की तोंडातून निघतं, "अगं, कशाला एवढा त्रास घेतलास!" सुलांगच की हे.

या भाषेविषयी पुढचं वाचताना तर शेजारच्या वाड्यात डोकावल्यासारखं वाटलं. पलाऊ भाषेत 'आपण' आणि 'आम्ही' वेगळे आहेत. समोरचा धरून 'किद', समोरचा वगळून 'केमाम'. इंग्रजीला हे जमत नाही, हिंदीचं 'हम'ही दोन्हीकडे चालतं. आपल्याकडे मात्र पाहुणा सोफ्यावर बसलेला असताना यजमान "आम्ही सिनेमाला निघालोय" म्हणाला, की पाहुणा चप्पल शोधायला लागतो. "आपण सिनेमाला जाऊ" म्हणाला, की निवांत दुसरा चहा मागतो. हल्ली पोरं "आम्ही जाऊया का?" असं सर्रास विचारतात. ऐकलं की पोटात गोळा येतो. बरोबर यायचंय की घरी बसायचंय, कळावं कसं?

आणि मोजणं! तीन आंबे, पण तिघे भाऊ. माणसांना आपण वेगळं मोजतो, तेही दोघे-तिघे-चौघे एवढंच. पाचव्यापाशी दम संपतो आणि 'पाच जण' म्हणून वेळ मारून नेतो. पलाऊ भाषा तिथं थांबत नाही. तीन माणसं 'तेदेइ', तीन वस्तू 'क्लदेइ', तीन दिवस 'एदेइ'. लांबट वस्तूंची मोजणी निराळी, केळीच्या घडांचीही निराळी. भाषेनं केळ्यांना एवढा मान द्यावा, हे जळगावकरांना कुणीतरी सांगायला हवं.

नाव विचारताना ते 'काय' म्हणत नाहीत, 'कोण' म्हणतात. 'ङ तेखा आ ङक्लेम?' अशा धाटणीचा काहीतरी प्रश्न समजून मी मोठ्यानं म्हणून पाहिला आणि घरच्यांनी दचकून पाहिलं. तसा त्यातला 'ख' मी लिहिलाय तो चूकच: रोमन लिपीत तिथं 'सीएच' असतं, पण उच्चारताना घशात नुसता एक झटका द्यायचा. मराठीच्या देवनागरीत त्याला अक्षर नाही.

ङ मात्र आहे. आपल्या मुळाक्षरांच्या तक्त्यात या बिचाऱ्याच्या वाट्याला कधी चित्र आलं नाही. कमळ, खटारा, गवत, घर झालं की बाई पुढं च वर उडी मारायच्या. पलाऊमध्ये त्याला उसंत नाही. मूल 'ङालेक', त्याचं नाव 'ङक्लेल', राजधानी 'ङेरुल्मुद', आणि मासा 'ङिकेल'. तक्ता छापणाऱ्यांनी तिथं खुशाल एक मासा काढावा. निदान कोकणातली मुलं तरी ते अक्षर विसरणार नाहीत.