भिंतीत गेलेले 34 हजार

विक्रोळीच्या कन्नमवार नगरातलं किचन. आठ फूट बाय सहा फूट. सात फुटांचा कडप्प्याचा ओटा, खाली पार्टिकल बोर्डाची शटर्स, तीही पाणी पिऊन पावासारखी फुगलेली. बजेट 80 हजार, वर एक रुपया नाही. बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला जाणार हे नक्की, कधी ते नक्की नाही. मी घरदुरुस्तीची कामं घेते, म्हाडाच्या जुन्या वसाहतींत हे घरोघरी ऐकते. सोसायटीची कमिटी दर दिवाळीला 'यंदा नक्की' म्हणते आणि लोक त्या भरवशावर गळका नळसुद्धा बदलत नाहीत.

घरातल्या मुलाची यादी मोबाईलमध्ये तयार होती. पांढरी चकचकीत शटर्स, टाइल्सवर स्टिकर, ओट्याखाली एलईडीची पट्टी आणि उरलेल्या पैशांत हॉलच्या एका भिंतीला रंग. ती भिंत हॉल आणि किचनच्या मधली. शोकेस सरकवल्यावर दिसलं, जमिनीपासून दोन-सव्वादोन फुटांपर्यंत रंगाला फोड आलेत आणि तळाशी पांढरा खार सुटलाय.

"ते वरच्यांचं लीकेज आहे," मुलगा म्हणाला. "त्यांनी दोनदा मोरी करून घेतली, तरी थांबत नाही. आता आम्ही त्यांच्याशी बोलतच नाही."

त्याची आई, म्हणजे काकू, दारात उभ्या होत्या. त्या एवढंच म्हणाल्या, "दर दिवाळीला रंग काढतो गं. होळीपर्यंत परत येतं."

दिवाळी ते होळी म्हणजे कोरडे महिने. त्या काळात रंग उठत असेल तर पावसाचा संबंध नाही. आणि वरून उतरणारं पाणी भिंतीचा वरचा भाग आधी ओला करतं. इथे ओल तळाशी सगळ्यात रुंद, वर जाताना विरळ आणि सव्वादोन फुटांवर थांबलेली. हे पाणी खालून चढतंय. विटा आणि प्लास्टर पाणी वर ओढतात, ते वाळताना त्यातले क्षार पृष्ठभागावर ठेवतं आणि तोच हा खार. छताच्या कोपऱ्यात एक तपकिरी कडेचा डाग होता, त्यावर घरच्यांचा सगळा दावा उभा. मी तिथे स्क्रू ड्रायव्हरनं थोडं खरवडलं, कोरडी पूड पडली. वरून कधीतरी गळत होतं, हे खरं. वरच्यांनी मोरी दुरुस्त केल्यावर ते थांबलं, हेही खरं. पण खालची भिंत ओली राहिली म्हणून त्यांची दुरुस्ती खोटी ठरली आणि बिचाऱ्यांनी ती परत केली.

मुंबईच्या हवेत भिंतीवरचा ओलावा नुसत्या हवेचाही असू शकतो. तो वेगळा काढायला फूटभर प्लास्टिक चौकोनी कापून चारी बाजूंनी चिकटपट्टीनं भिंतीवर बंद करायचं आणि एक दिवस ठेवायचं. थेंब प्लास्टिकच्या आत आले तर पाणी भिंतीतून येतंय, बाहेरच्या बाजूला आले तर हवेतून. इथे आत आले. मग घराचा मेन व्हॉल्व्ह रात्रभर बंद ठेवून टाकीची पातळी खडूनं आखली. सकाळी पाणी खुणेवरच होतं, म्हणजे नळाची लाइन संशयातून सुटली. उरली सांडपाण्याची.

सांडपाण्याची तपासणी बहुतेक प्लंबर नळ सोडून, खाली हात लावून करतात आणि "काही नाही मॅडम" म्हणतात. बारीक धार पाइपातून निमूट जाते. सिंकला बूच लावून काठोकाठ भरायचं, त्यात खाण्याचा लाल रंग टाकायचा आणि बूच एकदम ओढायचं. वीस-पंचवीस लिटर पाणी एका दमात गेलं की लाइनीचं खरं रूप कळतं. आम्ही ते केलं. सिंकच्या कपलिंगचा, म्हणजे भोकाखालच्या जोडाचा, नालीदार वेस्ट पाइप जमिनीतल्या सॉकेटमध्ये नुसता खोचला होता, फटीत चिंधी आणि वरून व्हाइट सिमेंट. पुढची लाइन तेल-चिकटानं निम्मी भरलेली. लाल पाणी क्षणभर सॉकेटमध्ये चढलं, चिंधीच्या कडेनं बाहेर पडलं आणि उभ्या कडप्प्यामागे दिसेनासं झालं. तिथून पुढच्या दोन लाद्या काढल्या, खालची भर लाल.

रोजच्या भांड्यांचं पाणी वर्षानुवर्षं लादीखालच्या भरीत मुरत होतं आणि भिंत ते चोखत होती. चूक म्हणाल तर एक रबरी वॉशर आणि दोन मापांचे पाइप जोडणारा एक रिड्यूसर न लावण्याची.

इथे पैशाचा हिशेब उलटला. फरशी फोडून लाइन बदलणं, भिंत सोलणं, परत प्लास्टर, राबिट म्हणजे तोडफोडीचा ढिगारा उचलणं, सगळं मिळून 34 हजार. मुलाचा प्रश्न वाजवी होता, "दोन-तीन वर्षांत पडणाऱ्या भिंतीत पैसे का पुरायचे?" मी त्याला सांगितलं की नव्या शटर्सनाही हीच भिंत आणि हीच जमीन मिळणार, तीही दुसऱ्या पावसाळ्याआधी फुगतील. तो पटल्यासारखा गप्प बसला, पण पटलं नव्हतं. काकूंनी निर्णय घेतला. "करून टाक गं. किती दिवस राहायचंय ते मला आणि बिल्डरला, दोघांनाही ठाऊक नाही."

जुनी लाइन काढून दोन इंची पीव्हीसी टाकली. उतार चाळीसला एक, म्हणजे चार फुटांच्या धावेत सव्वा इंच. गवंड्याला उतार डोळ्यानं द्यायची फार हौस असते, म्हणून मी पाइपावर लेव्हल ठेवून दर फुटाला मोजायला लावलं. तो रागावला, पण मोजलं. सिंकखाली बाटलीच्या आकाराचा बॉटल ट्रॅप लावायचा नाही. तो बेसिनला ठीक, किचनमध्ये भाताची शितं त्यात बसतात. इथे पी-ट्रॅप, म्हणजे वळणाचा पाइप, सफाईच्या झाकणाचा, आत दोन इंच पाणी उभं राहील असा, म्हणजे वास आणि झुरळं वर येत नाहीत. कपलिंगपासून जमिनीपर्यंत सगळे जोड आट्यांचे, रबरी वॉशरसकट. लादी बसवण्याआधी तीच लाल पाण्याची चाचणी परत.

भिंतीचं प्लास्टर ओलीच्या रेषेच्या फूटभर वरपर्यंत, सव्वातीन फूट, विटेपर्यंत काढलं. खार कोरड्या तारेच्या ब्रशनं झाडायचा. बिगाऱ्यानं बादली आणली होती, तिथेच थांबवला. पाण्यानं धुतलं की क्षार विरघळून परत विटेत जातात. मग भिंत उघडी ठेवून पंखा लावायचा आणि वाट बघायची. याला घरचे सगळ्यात जास्त वैतागतात, कारण धूळ आणि उघडी वीट घेऊन राहावं लागतं. वाळल्यावर एकास चार सिमेंट-रेतीच्या मालाचं दोन थरांत प्लास्टर, सिमेंटच्या गोणीला 200 मिली वॉटरप्रूफिंग लिक्विड. पीओपी किंवा जिप्सम तिथे चालत नाही. खालच्या तीन फुटांवर पुट्टीही लगेच नको आणि ऑइल पेंट तर मुळीच नको, कारण उरलेला ओलावा आतच कोंडतो. प्रायमर आणि साधं डिस्टेंपर. दिवाळीत पेंटरनं दरवेळी तिथे 'वॉटरप्रूफ पुट्टी' भरून पैसे घेतले होते. ओल्या भिंतीवर पुट्टी भरणाऱ्याला काम कळत नाही असं मी म्हणणार नाही. त्याला पुढच्या दिवाळीचं काम कळतं.

उरले 46 हजार. त्यात दिसणारं सगळं बसवायचं होतं, आणि बिल्डिंग रिकामी होईल तेव्हा त्यातलं जमेल तेवढं सोबत नेता यावं असा माझा हट्ट होता. ओट्याखालच्या ट्रॉल्यांची चौकट सहसा कडप्प्याला ठोकून, फेव्हिकॉल लावून कायमची करतात. भाड्याच्या घरात जाताना ती भंगारात जाते. आम्ही उभ्या कडप्प्यांच्या तीन खणांत तीन सुटी खोकी केली. प्रत्येक 24 इंच रुंद, 24 उंच, 21 खोल, खाली चार इंची प्लास्टिकचे फिरते पाय. दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा इंच फट, म्हणजे खोकं ओढून काढता येतं. 18 मिलिमीटरचा आयएस 710, म्हणजे पाण्याला टिकणारा मरीन प्लाय घेतला. तिन्ही खोकी आणि शटर्स मिळून साधारण 60 चौरस फूट, म्हणजे आठ बाय चारच्या दोन शीटमध्ये बसतं, कटिंगचा नकाशा आधी कागदावर काढला तर. सुताराच्या मनावर सोडलं की तिसरी शीट लागते. पाठीला सहा मिलिमीटर, सिंकच्या खोक्याला पाठ नाहीच, तळाला पीव्हीसी बोर्ड. जोड मिनिफिक्सचे, म्हणजे चावीनं आवळायच्या-सोडायच्या स्क्रूचे. सुतार म्हणाला, "मॅडम, खिळा-फेव्हिकॉलसारखी पकड नाही." बरोबर आहे, नाही. पण खिळा-फेव्हिकॉलचं खोकं उकलताना प्लायचे थर सुटतात आणि मिनिफिक्सचं चावीनं उघडून टेम्पोत आडवं टाकता येतं.

बिजागऱ्या आणि चॅनल नागदेवीच्या हार्डवेअर बाजारातून आणले. बिजागरीच्या हाताचा बाक म्हणजे क्रँक. शटर फळीची कड पूर्ण झाकणारं असेल तर झिरो क्रँक, दोन शटर एकाच उभ्या फळीवर येत असतील तर आठ, आत बसणारं असेल तर पंधरा. हे न सांगता नुसतं 'सॉफ्ट क्लोज द्या' म्हणून येणारे लोक दुसऱ्या दिवशी बदलायला येतात. सिंक 304 ग्रेडच्या स्टीलचं. दुकानदार लोहचुंबक लावून दाखवतो, न चिकटल्याचं कौतुक करतो. हलक्या 202 ग्रेडलाही चुंबक चिकटत नाही, त्यामुळे त्या नाटकाचा उपयोग शून्य. 202मध्ये मँगनीज जास्त असतं, ते तपासायचं थेंबाचं केमिकल मिळतं, 202वर रंग लाल होतो. मी ते पिशवीतच ठेवते. खोकी आणि फिटिंग 26 हजार, सिंक-नळ साडेसहा.

टाइल्स जुन्या सहा बाय सहाच्या पांढऱ्या. स्टिकर लावायला मी नकार दिला. गॅसच्या वाफेनं कडा उठतात आणि मागे तेल जाऊन बसतं. नाण्यानं वाजवून पोकळ निघाल्या तेवढ्याच बदलल्या. बाकीच्या सांध्यांतला काळा ग्राउट जुन्या हॅकसॉच्या पात्यानं दोन मिलिमीटर खोल काढून इपॉक्सी भरला. इपॉक्सी एकदम सगळा कालवायचा नाही. मे महिन्यात अर्ध्या तासाच्या आत घट्ट होतो, आणि टाइलवर राहिलेला पुसट थर त्याच दिवशी नाही पुसला तर मग पात्यानं खरवडावा लागतो.

ओटा तोच ठेवला. त्यावरचे पांढुरके डाग लिंबाचे आणि बाथरूमच्या ॲसिडचे. कडप्पा चुनखडक आहे, ॲसिडनं त्याचा पृष्ठभाग जळतो, ग्रॅनाइटसारखा तो सोसत नाही. मशीनवर 120 नंबरपासून चढत्या पॉलिश कागदानं घासून मेण दिलं, काळाभोर निघाला. गॅसच्या पाइपला हात लावला नाही, तो हलवायचा तर गॅस कंपनीच्याच माणसानं. इंडक्शनसाठी स्वतंत्र चार चौरस मिलिमीटरची वायर आणि 16 अँपिअरचा पॉइंट. 2000 वॉटची शेगडी पावणेनऊ अँपिअर ओढते, आणि ती सहा अँपिअरच्या एक्स्टेन्शनवर चालली होती. एलईडीची पट्टी बजेटातून गेली, ती मुलानं नंतर स्वतः लावली. चांगली दिसते.

काम सुरू असताना जिन्यात वरचे काका भेटले. त्यांनी खाली पडलेलं राबिट पाहिलं होतं. "काय निघालं हो?" त्यांनी विचारलं. घरच्यांनी मला आधीच बजावलं होतं, "घरातली गोष्ट घरात राहू दे." मी म्हटलं, "काका, मी कामावरची माणूस, त्यांनाच विचारा." ते हसले. "ते बोलतात कुठे?"

दोन वेळा मोरी फोडलेला माणूस. एका मोरीच्या वॉटरप्रूफिंगला, लाद्यांसकट, काय खर्च येतो ते मला माहीत आहे. गिऱ्हाईकाची गोष्ट बाहेर सांगू नये हे या धंद्यात पहिलं शिकवतात. पण लीकेजमध्ये 'घरातली गोष्ट' एका घराची नसतेच.

सोसायटीला काम संपल्याचं पत्र द्यावं लागतं. बहुतेक कंत्राटदार 'किरकोळ दुरुस्ती व रंगकाम' एवढंच लिहितात. मी लिहिलं, 'सिंकच्या सांडपाण्याच्या जोडातून लादीखाली गळती. लाइन बदलली. भिंतीतील ओल याच गळतीमुळे. छताचा डाग जुना व कोरडा.' खाली तारीख, सही, लाल पाण्याचे फोटो जोडले. काकूंना वाचून दाखवलं, त्यांनी मान हलवली. मुलाचा फोन दोन दिवसांनी आला, "एवढं सविस्तर लिहायची काय गरज होती?" मी म्हटलं, पुढच्या वेळी कुणी भिंत फोडायला आलं तर त्याला कामाला येईल. तेही खरंच आहे.

शेवटचे चार हजार अजून यायचे आहेत. पहिल्या पावसाळ्यानंतर प्लाय थोडा हलतो, शटर्सच्या बिजागऱ्या एकदा जुळवाव्या लागतात, तेव्हा मी जाणारच आहे. पत्र कमिटीतल्या कुणी वाचलं का, वरपर्यंत पोचलं का, हे तेव्हा विचारावं की नाही, ते अजून ठरत नाही.