मराठी ॲपमधला फॉन्ट खरंच लागलाय का? रिॲक्ट नेटिव्हवरचा माझा अनुभव

पहिली-दुसरीच्या मुलांना वाचायला मराठी गोष्टींचं एक ॲप आम्ही रिॲक्ट नेटिव्हमध्ये करत होतो. एकाच कोडमधून अँड्रॉइड आणि आयफोन, दोन्हींसाठी. शीर्षकांना मुक्ता आणि गोष्टीच्या मजकुराला नोटो सान्स देवनागरी, असं डिझाइन करणाऱ्या मैत्रिणीनं ठरवलं होतं. मुक्ता हा मुंबईच्या ‘एक टाइप’ या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचा फॉन्ट. तो ओपन फॉन्ट परवान्याखाली मिळतो, ॲपमध्ये घालायला आडकाठी नाही आणि एक्स्ट्रालाइटपासून एक्स्ट्राबोल्डपर्यंत त्याची सात वजनं, म्हणजे जाडीचे प्रकार, आहेत. फायली फोल्डरमध्ये टाकायच्या, नाव लिहायचं, झालं, अशी सगळ्यांची समजूत होती.

देवनागरीत फॉन्ट लागला नाही तरी पडद्यावर मराठी दिसतच राहतं. आपली फाइल सापडली नाही की अँड्रॉइड गुपचूप स्वतःकडचा नोटो देवनागरी वापरतो. आयफोन कोहिनूर देवनागरी काढतो. चौकोनी डबे येत नाहीत, अक्षरं गळत नाहीत. त्यामुळे चुकीचा फॉन्ट घेऊन ॲप महिनोन्‌महिने फिरू शकतं. कुणीतरी दोन फोन शेजारी ठेवले तरच फरक कळतो.

आमच्याकडे मात्र पहिलाच दणका उघड बसला. फायलींची नावं सगळी लहान लिपीत होती, मुक्ता-बोल्ड वगैरे, आणि कोडमध्येही तशीच लिहिलेली. अँड्रॉइडवर ठीक. आयफोनवर लाल पडदा: हे फॉन्ट कुटुंब ओळखीचं नाही. कारण आयफोन फाइलचं नाव बघतच नाही. तो फाइलच्या आत कोरलेलं कुटुंबाचं किंवा पोस्टस्क्रिप्ट नाव बघतो, आणि त्यात एम आणि बी मोठ्या लिपीतले आहेत. अँड्रॉइडचं नेमकं उलटं. त्याला आतल्या नावाशी काही देणंघेणं नाही, तो ॲसेट्समधल्या फॉन्ट्स फोल्डरात त्या नावाची फाइल शोधतो आणि लहान-मोठी लिपी काटेकोरपणे पाळतो. तेव्हा एकच उपाय टिकतो: फाइलचं नाव बदलून आतल्या पोस्टस्क्रिप्ट नावासारखं हुबेहूब करायचं. ते नाव मॅकवर फॉन्ट बुकमध्ये फॉन्टची माहिती उघडली की दिसतं. लिनक्सवर एफसी-स्कॅन ही आज्ञा आहे.

नावं बदलली आणि बिल्ड सर्व्हरवर, म्हणजे ॲपची फाइल तयार करणाऱ्या यंत्रावर, अँड्रॉइडचं बिनसलं. माझ्या मॅकवर सगळं नीट, सर्व्हरवरून येणाऱ्या एपीकेत, म्हणजे अँड्रॉइड ॲपच्या फायलीत, मुक्ताचा पत्ता नाही. मॅकची फाइलव्यवस्था सहसा लहान-मोठ्या लिपीत भेद करत नाही, म्हणून नावातलं फक्त एक अक्षर मोठं केलं तर कोडमधले बदल नोंदवणाऱ्या गिटला बदल झाल्याचं कळतही नाही. सर्व्हर लिनक्सवर, तिथे जुनीच नावं पोचत होती. गिट एमव्ही या आज्ञेनं नावं बदलून कमिट केल्यावर हे सुटलं. एपीके ही शेवटी झिप फाइलच असते. ती उघडून ॲसेट्स, मग फॉन्ट्स, असं आत जाऊन नावं डोळ्यांनी वाचायची सवय मला तेव्हापासून लागली. आयफोनच्या बाजूला इन्फो डॉट पीलिस्टमधल्या यूआयॲपफॉन्ट्सच्या यादीत प्रत्येक फाइल आहे ना ते बघायचं, आणि ॲप सुरू होताना यूआयफॉन्टकडून सगळ्या कुटुंबांची नावं छापून घ्यायची. त्या यादीत मुक्ता असेल तर फाइल पोचली, नसेल तर कोडमध्ये कितीही खाडाखोड करून उपयोग नाही. फॉन्ट नेटिव्ह बाजूला जोडला जातो, म्हणून नुसतं रीलोड करून भागत नाही. नवी बिल्ड करावी लागते.

इतकं करूनही अँड्रॉइडवरची शीर्षकं मला खटकत होती. ठळक होती, पण मुक्तासारखी वाटत नव्हती. टेस्टिंग करणाऱ्या सहकाऱ्याचं म्हणणं, “ताई, ठळक आहे ना, मग तोच असणार.” नोटो आणि मुक्ता लांबून सारखे वाटतात, तेव्हा वाद घालण्यापेक्षा मी एक युक्ती केली. एक टाइपचाच मोदक नावाचा फॉन्ट आहे. त्याची अक्षरं इतकी गुबगुबीत की आत पोकळी जेमतेम उरते. ती फाइल मुक्ता-बोल्डच्या नावानं ठेवून दिली. अँड्रॉइड फक्त फाइलचं नाव बघतो, म्हणजे शीर्षकं आता मोदकात दिसायला हवीत. तोच फॉन्ट लावलेली बटणं गुबगुबीत झाली, शीर्षकं जशीच्या तशी. याचा अर्थ शीर्षकांसाठी आमची फाइल वाचलीच जात नव्हती.

दोन्हींच्या स्टाइलमध्ये फरक एकाच ओळीचा निघाला: शीर्षकांना फॉन्टवेट बोल्ड दिलेलं होतं. रिॲक्ट नेटिव्ह अँड्रॉइडवर फॉन्टवेट बोल्ड दिसलं की तुम्ही दिलेल्या नावाला अंडरस्कोअर आणि बोल्ड जोडून फाइल शोधतो. आमचं नाव मुळातच मुक्ता-बोल्ड, त्यामुळे शोध चालला होता मुक्ता-बोल्ड-अंडरस्कोअर-बोल्डचा. तशी फाइल जगात नाही, म्हणून सिस्टिमचा फॉन्ट ठळक करून पुढे केला जात होता. आयफोन उलट वजन बघून कुटुंबातला जवळचा फॉन्ट निवडतो, म्हणून तिथे हे कधीच उघडं पडलं नसतं. फॉन्टवेट सगळीकडून काढलं. प्रत्येक वजनाला त्याच्या फाइलचं नाव द्यायचं आणि वजन वेगळं सांगायचंच नाही, असा नियम केला. अँड्रॉइडवर एक्सएमएलमधून फॉन्ट कुटुंब जाहीर करून वजनं नीट बांधण्याचाही मार्ग आहे. मोठ्या ॲपला तो जास्त शोभतो. आमच्या दोन-तीन वजनांसाठी मला तो जड वाटला.

मग मात्रांची पाळी. ‘मूर्तींच्या’ हा शब्द घ्या. ‘र्तीं’ या एका अक्षरावर वेलांटी, रफार आणि अनुस्वार असे तिघं शिरोरेषेच्या वर बसतात. ‘चिठ्ठ्या’मध्ये जोडाक्षर खाली उतरतं. डिझाइनमध्ये 18 आकाराला ओळीची उंची 22 दिलेली होती. रोमन अक्षरांना ती पुरते. अँड्रॉइडवर आमच्या पहिल्या ओळीतल्या रफाराचं टोक छाटलं जात होतं आणि अनुस्वार अर्धा दिसत होता. नुकतं वाचायला शिकणाऱ्या मुलापुढे अर्धा अनुस्वार ठेवणं मला कोणत्याही कारणानं मान्य नाही. उंची 29 केली, म्हणजे अक्षराच्या साधारण 1.6 पट, आणि छाटणं थांबलं. याच ठिकाणी इन्क्लूडफॉन्टपॅडिंग, म्हणजे ओळीच्या वर-खाली सोडलेली जादा जागा, बंद करा असा सल्ला खूप जण देतात, कारण त्यानं बटणातला मजकूर मधोमध येतो. पण ती जागा वरच्या खुणांसाठीच राखलेली असते. देवनागरीच्या परिच्छेदांना ती काढू नये, असं माझं ठाम मत आहे. बटणांची ठरावीक उंचीही काढून टाकली आणि आतून पॅडिंग दिलं, कारण फोनमध्ये अक्षर मोठं करून वाचणारे आजी-आजोबाच बरेचदा मुलांशेजारी बसलेले असतात.

फायलींचा आकार कमी करायला एका सहकाऱ्यानं पायएफटीसबसेट हे साधन वापरून नको ती चिन्हं कापली होती. त्यासाठी जी तयार यादी मिळाली ती हिंदीसाठी केलेली. तिच्यात ळ नव्हता, ऱ नव्हता, ॲ नव्हता आणि अक्षरं जोडणारं अदृश्य झेडडब्ल्यूजे चिन्हही नव्हतं. ॲ युनिकोडमध्ये, म्हणजे अक्षरांच्या जागतिक क्रमयादीत, 2008 साली, 5.1 आवृत्तीत आला, त्यामुळे जुन्या याद्यांत आणि जुन्या फॉन्टमध्ये तो नसणं नवल नाही. परिणाम असा की ‘बाळ’मधला बा मुक्तात आणि ळ सिस्टिमच्या फॉन्टमध्ये, शिरोरेषेची जाडी मध्येच बदललेली. ‘दऱ्या’ आणि ‘तऱ्हा’चीही तीच गत. मी देवनागरीचा पूर्ण पट्टा, झेडडब्ल्यूजे, अक्षरं सुटी ठेवणारं झेडडब्ल्यूएनजे आणि रुपयाचं चिन्ह घालून फायली पुन्हा कापल्या. जोडाक्षरं त्यांच्यासोबत आपोआप येतात. साधन फॉन्टमधले नियम वाचून लागणारे आकार राखून ठेवतं. मूळ अक्षरं मात्र आपणच न विसरता सांगावी लागतात.

यानंतर ॲप जिल्हा परिषदेच्या एका शाळेत वापरायला दिलं आणि दुसरीच्या बाईंचा फोन आला. “मॅडम, माझ्या फोनवर ल आपला दिसतो आणि शाळेच्या टॅबवर हिंदीसारखा. मुलं विचारतायत, कुठला गिरवायचा?” हा प्रश्न मला आधीच्या सगळ्यांपेक्षा मोलाचा वाटला. मराठीचा दोन पाकळ्यांचा ल आणि हिंदीचा दांडीचा ल, तसंच श. युनिकोडमध्ये यांना एकच क्रमांक आहे. कुठलं वळण दाखवायचं ते फॉन्टमधला लोकल हा नियम भाषा बघून ठरवतो. अँड्रॉइड ही भाषा, वेगळं सांगितलं नाही तर, फोनच्या सेटिंगमधून घेतो. बाईंचा फोन मराठीत होता, शाळेचा टॅब इंग्रजीत. फाइल तीच, कोड तोच, आणि ल दोन.

रिॲक्ट नेटिव्हच्या टेक्स्टला अँड्रॉइडवर मजकुराची भाषा सांगायची सरळ सोय मला मिळाली नाही. टॅबची भाषा मराठी करा असं शाळांना सांगणं हा काही उपाय नव्हे. मी फॉन्टच बदलला. टिरो टाइपवर्क्सनं टिरो देवनागरी हा फॉन्ट हिंदी, मराठी आणि संस्कृत असा तीन वेगळ्या रूपांत दिलेला आहे. टिरो देवनागरी मराठीत मराठी वळणच मूळ धरलेलं आहे, सेटिंग काहीही असो. त्यात ठळक वजन नाही, फक्त साधं आणि तिरपं. म्हणून शीर्षकंही त्यातच आणून आकारानं मोठी केली, आणि मुक्ता फक्त मोठ्यांसाठीच्या सेटिंग पानावर ठेवला. डिझाइनचा थोडा तोल गेला, मैत्रीण आधी नाराज झाली. पाठ्यपुस्तकात मुलं जो ल बघतात तोच इथे दिसणार म्हटल्यावर तिनंच शीर्षकांचे आकार पुन्हा बसवून दिले.

शिक्षकांसाठीचं जोड-ॲप नंतर फ्लटर या रिॲक्ट नेटिव्हसारख्याच दुसऱ्या साधनात झालं. तिथे नावाचा घोळ नाही. पबस्पेक या सेटिंगच्या फायलीत कुटुंबाला जे नाव द्याल तेच दोन्हीकडे चालतं. पण बटणांवर शिरोरेषा तुटक दिसू लागली, जणू प्रत्येक अक्षर सुटं. फ्लटरसोबत येणाऱ्या मटेरियल डिझाइनच्या तयार टेक्स्ट थीममध्ये अक्षरांत अंतर असतं, बॉडी लार्जला 0.5 इतकं. रोमनला ते शोभतं, आमची रेघ त्यानं तुटते. थीममधल्या प्रत्येक स्टाइलचं लेटरस्पेसिंग शून्य केलं. गूगल फॉन्ट्सचं पॅकेज वापरलं तर फॉन्ट चालू ॲपमध्ये नेटवरून उतरतो. डीबगमध्ये, म्हणजे चाचणीच्या बिल्डमध्ये, ते छान चालतं, आणि लोकांना द्यायच्या रिलीजमध्ये अँड्रॉइडवर फॉन्ट गायब, कारण इंटरनेटची परवानगी फ्लटरच्या साच्यात फक्त डीबग आणि प्रोफाइलच्या मॅनिफेस्टमध्ये, म्हणजे परवानग्या लिहायच्या फायलीत, असते. मुख्य मॅनिफेस्टमध्ये ती आपण लिहायची. आमच्या शाळांत नेटचा भरवसा नाही, म्हणून परवानगीच्या वाटेला न जाता फायलीच ॲपमध्ये बांधल्या. लचा प्रश्न इथे मात्र एका ओळीत सुटला. टेक्स्टस्टाइलला लोकॅल मराठी दिलं की नोटो देवनागरी दोन पाकळ्यांचा ल काढतो, फोन कुठल्याही भाषेत असला तरी.

दोन्ही ॲपांत आता एक लपवलेलं पान आहे. त्यावर प्रत्येक फॉन्टमध्ये हीच ओळ छापलेली असते: ॲप, ऑफिस, दऱ्याखोऱ्या, तऱ्हा, मूर्तींच्या, चिठ्ठ्या, हृदय, शत्रू, बाळ, लिंबू, शशी, ₹ 50. बाहेर जाणारी प्रत्येक बिल्ड आम्ही आधी इंग्रजीत ठेवलेल्या एका स्वस्त अँड्रॉइडवर आणि एका आयफोनवर उघडून हे पान बघतो, आणि त्याचे स्क्रीनशॉट बाईंना पाठवतो. मागच्या खेपेला त्यांनी ‘हृदय’मधला ऋकार खाली टेकतोय असं कळवलं. ते काम सध्या चालू आहे.