बारा हजार शर्ट

वॉशिंग्टनला दुपारचे चार वाजतात तेव्हा मॉरिशसला मध्यरात्र होते. त्यामुळे ट्रम्प यांची 2 एप्रिल 2025 ची ती यादी, कोणत्या देशाच्या मालावर अमेरिका किती आयातशुल्क लावणार याची, मी अंथरुणात पडूनच पाहिली. मॉरिशस: 40 टक्के. शेजारच्या मादागास्करला 47. झोप कसली लागतेय!

मी मॉरिशसमधल्या एका कपड्यांच्या कारखान्यात मर्चंडायझर आहे, म्हणजे ग्राहकाची ऑर्डर, भाव आणि माल पोचवणं सांभाळणारा. गाव निफाड तालुक्यातलं. या बेटावर कापूस पिकत नाही, पेट्रोल-डिझेल बाहेरून येतं, शिलाईला कितीतरी तरुण बांगलादेशातून येतात. तरीही आम्ही तग धरून होतो, कारण आफ्रिकी देशांना सवलत देणाऱ्या अमेरिकेच्या 2000 सालच्या आगोआ कायद्यामुळे इथला कपडा अमेरिकेत बिनशुल्क जायचा. पुरुषांच्या साध्या सुती शर्टावर एरवी 19.7 टक्के ड्युटी बसते, आमची शून्य. ते शून्य हेच आमचं भांडवल होतं.

सकाळी फिनिशिंगमध्ये गेलो. बारा हजार शर्ट इस्त्री करून, घड्या घालून, पिशव्यांत बंद झालेले. अमेरिकेतल्या दुकानात दिसणारं किमतीचं लेबलही आम्हीच इथे लावतो, त्यावर छापलं होतं 39.50 डॉलर. आमचा भाव शर्टामागे 9.20, त्यात नफा 45 सेंट. 40 टक्के म्हणजे 3.68. लेबल तर लागून गेलेलं. मग हे पैसे कोणी भरायचे?

उत्तर अमेरिकेतल्या ग्राहकाच्या साडेनऊच्या ईमेलमध्ये आलं. माल रोखून धरा आणि भावात किती कमी करता ते कळवा.

आदेशात एक फट होती. 9 तारखेआधी जहाजावर चढून वाटेला लागलेल्या मालाला ही वाढ लागू नव्हती. मी धावत शिपिंग विभागात गेलो. आमचं बुकिंग 12 चं. आधीच्या बोटीत जागा मिळत होती, पण वाटेत दुसऱ्या बंदरात जहाज बदलायचं होतं आणि एजंटाच्या मते शेवटच्या जहाजाचीच तारीख धरली जाणार होती. विमानाचा खर्च मांडून पाहिला, तो तर ड्युटीच्याही वर गेला.

हे 40 आले कुठून, तेही दुपारपर्यंत कळलं. अमेरिकेची आमच्याशी असलेली व्यापारतूट भागिले आमच्याकडून होणारी आयात, आणि त्याचं निम्मं. इथे येणाऱ्या बहुतेक मालावर आम्ही आयातशुल्क लावतच नाही. साडेबारा लाखांच्या आसपास वस्तीचा देश अमेरिकेकडून घेऊन घेऊन किती घेणार? त्या भागाकाराचा मला आजही राग येतो.

जेवायला कटिंगमधल्या मावशींशेजारी बसलो. इथल्याच कास्कावेल गावच्या, त्यांचे पूर्वज रत्नागिरीकडून आलेले. घरात इथली क्रिओल भाषा, पण माझ्याशी आवर्जून मराठी बोलतात. डब्यातला कांदा माझ्याकडे सरकवत म्हणाल्या, "बाळा, आता काय काय महाग होणार?"

मी म्हटलं, "मावशी, कांदा तरी उतरावा. भारताने परवाच त्यावरची 20 टक्के निर्यात ड्युटी काढली."

कांदा महागल्याचे दिवस त्यांना नीट आठवत होते. डिसेंबर 2023 मध्ये भारताने कांद्याची निर्यातच बंद केली होती, मॉरिशसला ठरावीक माल तेवढा सोडला. बंदी उठली तर वर 40 टक्के शुल्क. तेव्हा गावाकडे भाऊ लासलगावच्या भावाने हवालदिल आणि इथे मी दुकानात कांदा निवडून निवडून घेतोय. कांद्याचा दर दिल्लीत ठरणार, शर्टाचा वॉशिंग्टनमध्ये, आणि या बेटाला कोणी विचारणारसुद्धा नाही.

"कांदा उतरेल रे," मावशी म्हणाल्या, "पण ओव्हरटाइम गेला तर?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं.

9 तारखेला वाढीला नव्वद दिवसांची स्थगिती आली आणि सरसकट 10 टक्के राहिले. शर्ट गेले. 92 सेंटांतले निम्मे आम्ही सोसले, म्हणजे 46. नफा संपून वर एक सेंट पदरचा. 7 ऑगस्टपासून 15 टक्के लागू झाले, 30 सप्टेंबरला आगोआचीही मुदत सरली.

मावशींच्या टेबलाचा ओव्हरटाइम मात्र मे महिन्यातच थांबला होता. यादी मीच टाइप केली.