दोन न्गुयेन आणि आमचे आबा

दिवाळी झाली की जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढायच्या कारखान्यात, मरायलाही फुरसत नसते. वजनकाट्यावर ट्रॅक्टरची लाईन, नाकातोंडात रुईची धूळ, आणि अशात शेठ म्हणाले की व्हिएतनामच्या सूतगिरणीचे तीन जण कापसाच्या गाठी बघायला येताहेत, त्यांचं सगळं तू बघ. मी धरणगावकडच्या एका जिनिंगमध्ये एक्स्पोर्टचे पेपर करते. व्हिएतनाममध्ये गिरण्या भरपूर पण कापूस जवळजवळ सगळा बाहेरून घ्यावा लागतो, म्हणजे पार्टी महत्त्वाची.

जळगावच्या हॉटेलचं बुकिंग मुंबईच्या दलालाच्या पोरानं केलेलं. पासपोर्टवर नावं होती न्गुयेन वान हुंग आणि न्गुयेन थि लान. झालं, पोरानं लावून टाकलं ‘मिस्टर अँड मिसेस न्गुयेन’ आणि दोघांना मिळून एकच खोली. आम्ही बॅगा घेऊन दार उघडतो तर डबल बेडवर टॉवेलचे दोन हंस आणि गुलाबाच्या पाकळ्या! हुंगसाहेब कानापर्यंत लाल, लानबाई भिंतीला धरून हसताहेत, आणि लग्नसराई असल्यामुळे हॉटेलात दुसरी खोली नाही. शेवटी त्यांच्याबरोबरच्या तिसऱ्या, तरुण पोराच्या खोलीत हुंगसाहेब गेले, तेव्हा मिटलं.

दोघं फक्त एका ऑफिसात काम करतात, बाकी नात्यागोत्याचा संबंध नाही. तिकडे साधारण तीनात एक माणूस न्गुयेन, आडनाव आधी आणि स्वतःचं नाव सगळ्यात शेवटी, आणि लग्न झालं तरी बाई माहेरचंच आडनाव लावते. लानबाईंच्या नवऱ्याचं आडनाव वेगळंच आहे. म्हणून मानानं हाक मारायची तरी शेवटच्या नावानं, आडनावानं मारली तर अर्धी सभा वळून बघेल. हे मला तरी लगेच पटलं, कारण आमच्या काट्यावर नुसतं ‘पाटील’ पुकारलं की दहा जण उठतात, म्हणून पावतीवर एरंडोलवाले आप्पा, पारोळ्याचे नाना असं पेन्सिलीनं लिहून ठेवावं लागतं. आडनाव चालतं ते एखाद्यालाच. त्यांच्या स्वातंत्र्यलढ्याचे नेते हो ची मिन्ह यांना ते ‘बाक हो’ म्हणतात, म्हणजे ‘हो’ आडनावाचे काका, आमच्या अमळनेरच्या साने गुरुजींसारखं.

दुसऱ्या दिवशी फॅक्टरीत चहा पिताना लानबाईंनी पहिला प्रश्न काय विचारला तर, तुझं वय किती? शेठचा चेहरा बघण्यासारखा झाला. मी सांगितलं अडतीस. त्या पंचेचाळीसच्या, म्हणजे त्या माझ्या ‘ची’, थोरली बहीण, आणि मी ‘एम’, धाकटी. त्यांच्याकडे म्हणे सगळ्यांना चालेल असं एक ‘तुम्ही’ रोजच्या बोलण्यात नाहीच, समोरचा दादा की काका की धाकटा हे ठरल्याशिवाय वाक्य पुढे सरकत नाही, म्हणून वय विचारणं हाच शिष्टाचार. स्वतःबद्दलही तसंच बोलतात, आपण लेकराला ‘थांब, आई देते’ म्हणतो ना तसं, फक्त मोठ्या माणसांतसुद्धा. जरा मोठ्या पुरुषाला ‘आन्ह’ म्हणजे दादा, आणि नवऱ्यालाही बायका आन्हच म्हणतात, त्यामुळे त्या बुकिंगवाल्या पोराला व्हिएतनामी येत असती तरी उपयोग नव्हता.

मग यार्डात गेलो. तिथे आमचे आबा, सत्तरीचे, जिनचे जुने फिटर. अहिराणी सोडून दुसरं बोलत नाहीत आणि शेठलाही तू म्हणतात. आमच्या अहिराणीत बापालाही तू चालतं, मान असतो तो आबा, आप्पा, तात्या या हाकेत. शेठनी मला डोळ्यानं खुणावलं की म्हाताऱ्याला बाजूला घे, पण तोवर आबांनी गोणपाट झटकून टाकलं होतं. ‘बस माय, आठे सावली शे. तुनं नाव काय शे?’ मी काही इंग्लिश करायच्या आत बाई त्या गोणपाटावर बसल्यासुद्धा, छातीवर हात ठेवून ‘लान’ म्हणाल्या आणि मला विचारलं, यांना बाक म्हणू ना? बापापेक्षा मोठा असेल त्याला म्हणतात. मग अर्धा तास बाक आणि माय मिळून रुई चिमटीत ओढून धाग्याची लांबी बघत होते, आम्ही सगळे सर-मॅडमवाले उन्हात उभे. मला विचाराल तर हे ‘सर’ ऑफिसापुरतंच ठीक आहे, एकदा सगळ्यांनाच सर म्हटलं की कोण कुणाचा कोण ते कळतच नाही.

निघताना लानबाईंनी शेठलाही वय विचारून घेतलं, बावन्न, आणि थेट पहिल्या नावाआधी ‘आन्ह’ लावून हाक मारली. शेठला नावानं हाक मारणारं घराबाहेर कुणी उरलेलं नाही, बिचारे आधी इकडेतिकडे बघायला लागले, मग लाजत हसले. त्यांना वाटलं असणार आता बहीण झाली म्हणजे भाव जमलाच. तर बाईंनी त्याच गोड आवाजात सांगितलं, आन्ह, मॉइश्चर साडेआठ टक्क्यांच्या वर निघालं तर गाठीमागे पैशात कट लागेल, आणि सॅम्पल आम्ही आमच्याच लॅबमध्ये तपासणार.