अल्झायमरचं सलाईन: होकार देण्याआधी

अमेरिकेतल्या मराठी घरांत हा प्रश्न आता वारंवार येतो. नवऱ्याला किंवा बायकोला अल्झायमरची सुरुवात आहे आणि न्यूरॉलॉजिस्ट म्हणतात, मेंदूत साचलेलं अमायलॉइड हे प्रथिन काढणारं लेकानेमॅब किंवा डोनानेमॅब सुरू करता येईल. लगेच विचारलं जातं, 'गुण किती येईल?' त्याआधी तीन गोष्टी विचाराव्यात: एमआरआयमध्ये काय दिसलं, एपीओई जनुकाचा रिपोर्ट काय, आणि रक्त पातळ करणारं कुठलं औषध चालू आहे. अर्धा निर्णय तिथेच लागतो.

या औषधांनी मेंदूला सूज येऊ शकते किंवा रक्तस्राव होऊ शकतो. म्हणून मेंदूत आधीच चारपेक्षा जास्त सूक्ष्म रक्तस्राव दिसले, किंवा एक सेंटिमीटरपेक्षा मोठा एक जरी दिसला, तर तज्ज्ञ सहसा नकोच म्हणतात. वॉरफरिन किंवा अपिक्सॅबानसारखं रक्त पातळ करणारं औषध चालू असेल तरीही तेच. नेहमीच्या मात्रेतली ॲस्पिरिन मात्र चालते.

जनुकाचं कोडं जास्त अवघड. एपीओई-४ हा या जनुकाचा अल्झायमरचा धोका वाढवणारा प्रकार. लेकानेमॅबच्या मुख्य चाचणीत त्याची एकही प्रत नसलेल्यांपैकी ५.४ टक्के लोकांच्या मेंदूला सूज आली. एक प्रत असलेल्यांत १०.९ टक्के आणि दोन प्रती असलेल्यांत ३२.६ टक्के. ही तपासणी टाळून सलाईन लावणं म्हणजे डोळे मिटून रस्ता ओलांडणं. पण रिपोर्ट एकट्या पेशंटचा राहत नाही. आईकडे दोन प्रती निघाल्या की प्रत्येक मुलाकडे किमान एक आहेच, हे तिथेच सिद्ध होतं. अमेरिकेत जनुकीय माहितीवरून आरोग्यविमा नाकारता येत नाही, पण आयुर्विमा आणि लाँग-टर्म केअर विम्याला केंद्रीय कायद्याचं हे संरक्षण नाही. म्हणून मुलांशी आधी बोलावं, रक्त नंतर द्यावं.

आता गुण. १८ महिन्यांच्या त्या चाचणीत १,७९५ लोक होते. आजार मोजायची पट्टी ० ते १८ ची; औषध घेणारे सरासरी १.२१ ने घसरले, न घेणारे १.६६ ने. फरक ०.४५. जाहिरातीतले '२७ टक्के' ते हेच. घसरण दोन्ही गटांत झाली. गेलेली आठवण परत येत नाही. घसरणीचा वेग थोडा कमी होतो, आणि तो फरक घरात वावरताना जाणवेलच असं नाही.

औषध फक्त सुरुवातीच्या टप्प्यात देतात. त्या चाचणीत एमएमएसई या स्मरण-आकलनाच्या छोट्या परीक्षेत ३० पैकी किमान २२ गुण असलेल्यांनाच घेतलं होतं. इंग्रजी परीक्षेत एक वाक्य जसंच्या तसं म्हणून दाखवायचं असतं: 'नो इफ्स, अँड्स ऑर बट्स'. सत्तरी ओलांडल्यावर पुन्हा मराठीतच विचार करू लागलेल्या माणसाचे गुण इथे आजारामुळे गेले की भाषेमुळे, हे त्या कागदावर दिसत नाही. दुभाषा मागा. तो फुकट मिळतो. जोडीदाराने मध्ये बसून भाषांतर करू नये. प्रेमापोटी उत्तर सुचवलं जातंच.

प्रत्यक्ष सलाईन साधं असतं. लेकानेमॅब वजनावर: किलोला १० मिलिग्रॅम, दर दोन आठवड्यांनी, साधारण एक तास. ६२ किलोच्या माणसाला ६२० मिलिग्रॅम लागतं. कुप्या ५०० आणि २०० च्या, म्हणजे ८० मिलिग्रॅम फेकलं जातं आणि बिल दोन्ही कुप्यांचं येतं. पहिल्या वेळी नंतर तीनेक तास थांबवून घेतात, कारण थंडी, ताप, अंगदुखी बहुधा पहिल्याच सलाईनला होते. कधी घरी पोचल्यावर रात्री हुडहुडी भरते. तेव्हा दवाखान्याचा रात्रीचा नंबर हाताशी हवा. डोनानेमॅब महिन्यातून एकदा, अर्ध्या तासाचं. जुलै २०२५ पासून ते ३५० मिलिग्रॅमने सुरू करून पायरीपायरीने १,४०० वर नेतात, कारण तशी सूज कमी येते. पेट स्कॅनवर अमायलॉइड साफ दिसलं की ते थांबवता येतं, ही त्याची जमेची बाजू.

लेकानेमॅबचं खरं काम पहिल्या चौदा आठवड्यांचं, आणि ते जोडीदाराचं. या सुजेला आणि रक्तस्रावाला डॉक्टर 'अरिया' म्हणतात. बहुतेकांना काहीच जाणवत नाही, ती एमआरआयमध्येच सापडते. लेकानेमॅबला सुरुवातीचा एमआरआय, मग तिसऱ्या, पाचव्या, सातव्या आणि चौदाव्या सलाईनआधी; तिसऱ्याआधीचा एफडीएने (अमेरिकेच्या औषध नियामकाने) ऑगस्ट २०२५ मध्ये वाढवला. एमआरआय चुकला तर सलाईनही पुढे ढकला. या काळात भारतवारी ठरवू नका. नवी डोकेदुखी, चालताना तोल जाणं, धूसर दिसणं, एकदम वाढलेला गोंधळ यांतलं काहीही दिसलं की त्याच दिवशी फोन करायचा. 'वयामुळे असेल' म्हणून सोडून द्यायचं नाही.

इमर्जन्सीत यातूनच घात होऊ शकतो. अरियाची लक्षणं हुबेहूब पक्षाघातासारखी दिसू शकतात, आणि पक्षाघातावर गुठळी विरघळवणारं इंजेक्शन देतात. अमायलॉइडचं औषध चालू असताना ते दिल्यास मेंदूत जीवघेणा रक्तस्राव होऊ शकतो; तसा मृत्यू नोंदवला गेला आहे. औषधाचं नाव आणि शेवटच्या सलाईनची तारीख लिहिलेलं कार्ड दोघांच्याही पाकिटात ठेवा. ॲम्ब्युलन्समधून उतरताच पहिलं वाक्य तेच बोला.

खर्च: लेकानेमॅबची मूळ जाहीर किंमत वर्षाला २६,५०० डॉलर. मेडिकेअर (ज्येष्ठांचा सरकारी आरोग्यविमा) पार्ट बी ८० टक्के देतं, म्हणजे नुसत्या औषधाचे तुमच्याकडे ५,३०० राहतात. मेडिगॅप हा पूरक विमा असेल तर तेही बरेचसे भरून निघतात. ॲडव्हान्टेज, म्हणजे खासगी कंपनीमार्फतचा मेडिकेअर प्लॅन असेल तर आधी मंजुरी घ्या. व्हिजिटर व्हिसावर आलेल्या आईवडिलांना मेडिकेअर नाही.

आणि थांबायचं कधी, हे पेशंटला स्वतः बोलता येतंय तोवर त्याच्याकडूनच ठरवून, लिहून घ्या: आजार मध्यम टप्प्यात गेला की, दुसऱ्यांदा सूज आली की, किंवा दर दोन आठवड्यांची सुई त्याला नकोशी झाली की.